एक ओळ कमी

दुसऱ्याचं बोलणं सांगण्याआधी तो चूळ भरायचा.

दवाखान्यात पेशंट बाकावर बसलेला, डॉक्टर पेन उघडून तयार, मागे दारापर्यंत रांग, आणि हा सावकाश कोपऱ्यातल्या माठाकडे जाणार, तांब्या बुडवणार, ओट्यावर जाऊन खळखळून चूळ भरणार, खाकी शर्टाच्या बाहीला तोंड पुसणार आणि मग पेशंटसमोर उकिडवा बसून म्हणणार, "हं, बोल माय." नवा डॉक्टर आला की पहिला आठवडा वैतागायचा. त्याला हा समजावायचा, "दुसऱ्याचं बोलनं हाय जी. उष्ट्या तोंडानं कसं सांगू?"

काम झालं की पुन्हा चूळ. ही कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"आता माह्यं तोंड मले वापस पायजे ना, बाबू."

मी त्या सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होतो. लोक कंपाउंडर म्हणत, तो बाबू म्हणायचा. गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका, पावसाळ्यात नाल्यांनी तोडलेला. तो तिथे शिपाई होता, पण शिपायाचं काम त्याने फारसं कधी केलं नाही. माडिया ही त्याची घरची बोली. गोंडी, तेलुगू, आमच्या भागातली मराठी आणि रेडिओवरून उचललेली हिंदी त्याला येत होती. लिहिता-वाचता यातली एकही नाही. जंगलातून आलेला पेशंट आणि शहरातून आलेला डॉक्टर यांच्यामध्ये तो एकटा उभा असायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत, त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले म्हातारेसुद्धा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कचेरीत त्यांच्या नावाचं टेबल नसतं, पण ती रजेवर गेली की कचेरी अडते.

त्याच्या गमतीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्या सांगत बसलो तर मुख्य गोष्ट पुन्हा राहून जाईल, म्हणून ती आधीच लिहून टाकतो. त्याच्या गावाने त्याला वाळीत टाकलं. आपल्याच गावच्या माणसाचं गुपित काढून त्याने ते सरकारला दिलं, असं गाव समजत आलं. ते खोटं आहे. तो माणूस तुरुंगात गेला तो माझ्यामुळे. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हे कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

आता त्याच्याबद्दल.

त्याच्या कामाचा एकच नियम होता. "जेवढं तेवढंच. ना कमी ना जास्त." एकदा एक म्हातारी दाढ दुखते म्हणून आली. डॉक्टरांनी दाढ हलवून पाहिली तशी ती तिच्या बोलीत बराच वेळ काहीतरी बोलली. डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात?"

भाऊ म्हणाला, "बाई म्हनून राह्यली का डाक्टर माकडावानी दिसते, आन् हात म्हशीवानी हायत."

"हे सांगायची काय गरज होती?"

"आनखी हाय जी. म्हनते का, पन पोरगा मनाचा चांगला दिसते."

डॉक्टर हसले. म्हातारीला आपण काय बोललो ते सांगितलं गेलं असं कळल्यावर तीही पदर तोंडाला लावून हसली. दाढ निघाली.

माझं अक्षर बरं असल्यामुळे केसपेपर मी लिहायचो. भाऊला वाचता येत नव्हतं, पण तो माझं लिहिणं तपासायचा. पेशंटची एक गोष्ट सांगून झाली की तो डाव्या हाताचं एक बोट मिटायचा. सगळं सांगून झालं की माझ्या खांद्यावरून वाकून कागदावरच्या ओळी मोजायचा. बोटं पाच आणि ओळी चार असल्या की म्हणायचा, "एक ओळ कमी हाय जी." मला आधी राग यायचा. मग एकदा एका बाईच्या तापाची, खोकल्याची सगळी हकिगत मी लिहिली आणि तिला पंधरा दिवसांपूर्वी कुत्रं चावलं होतं एवढंच विसरलो. ती ओळ त्याच्या बोटाने शोधून काढली. त्यानंतर मी एका गोष्टीला एक ओळ असंच लिहायला लागलो. ती सवय मला निवृत्तीपर्यंत राहिली.

एका वर्षी पावसाळा सरता सरता दवाखान्यात एक नवे डॉक्टर आले. ते आमच्या खात्याचे नव्हते. त्यांच्याकडे वरून आलेला कागद होता, हिवतापावरच्या औषधांच्या संशोधनाचा. आमच्याकडे हिवताप भरपूर, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मागच्या बाजूला क्षयरोग्यांसाठी बांधलेली आणि कधी न उघडलेली एक खोली होती. ती धुऊन घेतली, एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. मला आणि भाऊला त्यांच्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांकडून एका कागदावर लिहून घेतलं की इथलं काही बाहेर बोलणार नाही. मी सही केली, भाऊने अंगठा दिला.

अंगठ्याची शाई भिंतीला पुसत भाऊ मला म्हणाला, "हिवतापाचं येवढं काय गुपित हाय, बाबू?"

आठवड्याभरात कळलं. हिवतापाशी त्या खोलीचा काही संबंध नव्हता. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतात त्या जातीची औषधं थोडी थोडी देऊन माणूस अर्धवट जागा ठेवायचा, आणि त्या अवस्थेत त्याला प्रश्न विचारले तर तो खरं बोलतो का, हे पाहायचं होतं. कोणतं औषध किती उपयोगी पडतं याचा तक्ता करायचा होता. जंगलातल्या बंदूकवाल्यांना जेवण देतात अशा संशयावरून चौकशीसाठी पकडलेली माणसं असत. सकाळी उपाशीपोटी त्यांना गाडीतून आणत आणि तापाची सुई आहे असं सांगत. ते सांगण्याचं काम भाऊचं होतं. पहिल्या दोघांना त्याने तसं सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी त्याने माडियात जरा लांबण लावली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी सांगितलं का साहेब तापाची सुई म्हनते. मले ठाऊक नाई."

डॉक्टर वाईट माणूस होते असं मी लिहिलं तर माझी सुटका होईल, पण तसे ते नव्हते. हळू बोलायचे. खाटेवरच्या माणसाची नाडी स्वतः धरून बसायचे, त्याच्या डोक्याखाली उशी नीट करायचे. फक्त त्याला सब्जेक्ट म्हणायचे.

सुरुवातीला औषधाचा अंदाज घ्यायला त्यांनी त्यांच्याच जीपच्या ड्रायव्हरला खाटेवर घेतलं. तो हौसेने तयार झाला. अर्ध्या तासात त्याने जीपमधलं डिझेल कुठे जातं ते सांगितलं, आमच्या सिस्टरबाईंशी लग्नाचा बेत सांगितला आणि रडून झोपी गेला. भाऊ दाराशी उभा राहून ऐकत होता. तो मला म्हणाला, "याच्यासाठी येवढ्या दुरून औषध काऊन आनलं जी? मोहाची अर्धी बाटली पुरली असती."

मी हसलो. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चहा घेत असताना त्याने त्यांनाच विचारलं. "साहेब, आमच्या गावात मोहावर कोनी काई बोललं त पंचाईत ते धरत नाई. सकाळी उठून तेच बोलन त धरते. तुमी धरता का?"

"हे संशोधन आहे, भाऊ. इथे कुणाला शिक्षा होत नाही."

"मंग लिवून काऊन घेता?"

डॉक्टरांनी कपातला चहा संपवला आणि पुढच्या माणसाला आणायला सांगितलं.

चैतूला आणलं तेव्हा धान कापून झालं होतं. चैतू भाऊच्याच गावचा. चाळिशीचा, बुटका, पायाला कुऱ्हाडीचा जुना घाव. भाऊला पाहून त्याचा चेहरा उजळला. दोघं बोलू लागले. डॉक्टरांनी भाऊला गप्प केलं.

सुई लागली. वेळ गेला. डॉक्टर विचारायचे, भाऊ माडियात सांगायचा, चैतू जड जिभेने उत्तर द्यायचा, भाऊ ते मराठीत आणायचा आणि मी लिहायचो. एका गोष्टीला एक ओळ. धान किती झालं. रान कुठलं. डॉक्टर हळूहळू त्यांच्या प्रश्नाकडे आले.

"मागच्या महिन्यात तुझ्या घरी जेवायला कोण आलं होतं?"

चैतू म्हणाला, पाच जण आले.

त्यांना काय दिलं? नवा भात शिजवला. पाच पानं वाढली.

काय बोलले? बोलले नाहीत. गुपचूप जेवले.

कुठे गेले? जंगलाकडे.

कोण होते ते?

"आमचेच," असं चैतू म्हणाला आणि त्याची मान उशीवर कलली.

डॉक्टरांनी पेनने तक्त्यावर खूण केली. भाऊ तसाच उकिडवा बसलेला होता. त्याच्या डाव्या हाताची पाच बोटं आणि उजव्या हाताची चार मिटलेली होती. त्याने उजव्या हाताचं पाचवं बोट मिटलं आणि म्हणाला, "साहेब, हे पाची मेलेले हायत. नवा भात घरी आला का आमी पयले घरच्या मेलेल्यांले पान वाढतो. ते खाते, आन् मंग जाते. त्यायच्या बादच आमी खातो. मी याच्या घरचा हाय म्हना ना. मले ठाऊक हाय पाची कोन ते."

डॉक्टर म्हणाले, "ते तुझं म्हणणं झालं. सब्जेक्टचं म्हणणं सांगून संपलं ना?"

"हे सांगितलं नाई त त्याचं म्हननं पुरं होत नाई जी." मग माझ्याकडे वळून, "लिवा बाबू. पाची मेलेले हायत."

इतक्या वर्षांत त्याने स्वतःचं एक वाक्य लिहायला सांगितलं ते हे एवढंच.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली, नको म्हणून. फार मोठी आज्ञा वगैरे नव्हती. मी कुरखेड्याकडच्या धानाच्या घरातला माणूस आहे. आमच्या घरीही भाद्रपदात पितरांना पान वाढतात, आई दाराशी उभी राहून कावळ्याची वाट पाहायची. पाच पानं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण आदल्या दिवशीच डॉक्टरांनी म्हटलं होतं की माझ्या चंद्रपूरच्या बदलीसाठी ते वर शब्द टाकतील. बायको आणि मुलगी चंद्रपुरात, मी सहा वर्षं इथे. मी पेन कागदावर टेकवलं, शेवटच्या ओळीखाली एक रेघ ओढली आणि पेनला टोपण लावलं.

भाऊ माझ्या खांद्यावरून वाकला. त्याने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"एक ओळ कमी हाय जी."

"शेवटच्या दोन गोष्टी एकाच ओळीत बसवल्या, भाऊ. जागा नव्हती."

त्याने मान डोलावली आणि चूळ भरायला ओट्यावर गेला. खाली कोरी जागा अर्धं पान होती. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोरा कागद दिसत होता. तरी त्याने माझं ऐकलं. ही एक गोष्ट आठवली की मी आजही उठून खोलीत फेऱ्या मारायला लागतो.

पक्की प्रत मीच केली. 'पाच व्यक्ती आल्या, भोजन केले, जंगलाकडे गेल्या, त्या आपल्यापैकीच असल्याचे सांगितले.' मी वर पाठवलेल्या कागदात त्या पाच जणांच्या हाती काही नव्हतं. पुढे आरोपात ते बंदूकवाले झाले; बंदुका त्यांना वरच्या कुठल्यातरी कचेरीत मिळाल्या असाव्यात. इथे कुणाला शिक्षा होत नाही असं म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या तक्त्यात तो प्रयोग यशस्वी म्हणून लागला. चैतूला पुढे तुरुंगात नेलं.

भाऊ निर्धास्त होता. "सुटते तो," मला म्हणायचा. "कागदावर हाय ना, मेलेले म्हनून." महिना गेला, दोन गेले. डॉक्टर त्यांच्या पेट्या घेऊन निघून गेले, खोलीला कुलूप लागलं. माझी बदलीची ऑर्डर आली. ती मी भाऊला दाखवली नाही, पण दवाखान्यात असं काही लपत नाही. तो माझ्याकडे आला. मी गोळ्या मोजत होतो.

"बाबू, ते लिवलं होतं ना?"

मी मोजतच राहिलो. त्याने माझ्या बोटांखालच्या गोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं," आणि गेला. मी त्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं, चंद्रपुरात. चैतूला शुद्धीवर आल्यावर आपण काय बोललो ते आठवत नव्हतं. आठवत होतं एवढंच, की झोपेत कुणीतरी आपल्या बोलीत गोड बोलून विचारत होतं, आणि तो भाऊचा आवाज होता. तुरुंगात भेटायला गेलेल्या नातेवाइकांना त्याने तेवढंच सांगितलं. गावाला तेवढं पुरलं. भाऊने पंचांपुढे जे होतं ते सगळं सांगितलं. पंच म्हणाले, मेलेल्यांसाठी सरकार कुणाला धरून नेत नाही. लिहिणाऱ्याला आण, तो सांगू दे.

म्हणून तो माझ्याकडे आला. बल्लारपूरपर्यंत ट्रकने, पुढे पायी. फडक्यात बांधलेली चारोळी होती. माझ्या बायकोने चहा दिला, तो पायरीवर बसूनच प्यायला.

"चला ना जी. एकच वाक्य सांगायचं हाय. मी माडियात सांगतो त्यायले, तुमी फकत बोला."

मी त्याला गुप्ततेच्या कागदाची आठवण दिली. नोकरी जाईल म्हणालो. आपण दोघांनीही लिहून दिलं आहे म्हणालो.

"मी त सांगितलं न् बाप्पा," तो म्हणाला. "माह्या अंगठ्याचं काई झालं नाई अजून."

"पुढच्या महिन्यात बघू, भाऊ."

"बरं. पुढच्या मयन्यात काम नसन तुमाले?"

"बघू."

तो दुसऱ्या वर्षी आला, धान कापून झाल्यावर. तेव्हा तो नोकरी सोडून नाल्याच्या अलीकडे एकटा झोपडी करून राहत होता. गाव पलीकडे. बायको माहेरी निघून गेली होती, पोरं तिच्याबरोबर. त्याही वेळी चारोळी आणली. त्याही वेळी मी बघू म्हणालो. माझी मुलगी त्याच्याभोवती खेळत होती, तिला त्याने माडियात दहापर्यंत आकडे शिकवले. ती ते पुष्कळ दिवस म्हणत होती. मला ते ऐकवत नसे, मी तिला ओरडायचो आणि तिला कळायचं नाही का ते.

तिसऱ्या वर्षी मी त्याला रस्त्याच्या वळणावर पाहिलं आणि आतल्या खोलीत गेलो. मुलीला म्हटलं, बाबा घरी नाहीत म्हणून सांग. तो दुपारपर्यंत पायरीवर बसून होता. मी पलंगावर बसून होतो. आमच्यात एक भिंत होती, नऊ इंचाची. शेवटी त्याने पायरीवर चारोळीचं फडकं ठेवलं आणि गेला. चौथ्या वर्षी तो आला नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खरंच बरं वाटलं.

चैतू काही वर्षांनी सुटला. त्याच्यावर काही शाबीत झालं नाही. घरी आला तो छातीचा रोग घेऊन, आणि पुढच्या पावसाळ्यात गेला. हे मला फार उशिरा कळलं.

भाऊ गेल्याचंही उशिराच कळलं. निवृत्तीनंतर मी कुरखेड्याकडेच राहतो; मागच्या हिवाळ्यात चंद्रपूरला डोळे तपासायला गेलो होतो. बाकावर शेजारी भाऊच्या गावचे एक शिक्षक होते, आईला घेऊन आलेले. गावाचं नाव ऐकून मी विचारलं. ते म्हणाले, "तो नाल्याकाठचा म्हातारा? त्याला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, काका. तिथंच पुरला. दगड नाही लावला त्याचा." आलापल्लीच्या पुढे गेलेल्यांनी रस्त्याच्या कडेला ते उभे दगड पाहिले असतील. माणूस गेला की त्याच्या कुळातली माणसं नाल्यातून दगड आणतात आणि आधीच्यांच्या रांगेत उभा करतात. दगड नाही म्हणजे तो माणूस मेलेल्यांतही कुणाचा नाही. नवा भात शिजला तरी त्याला बोलावणार कोण?

माझा नंबर पुकारला गेला. मी उठलो नाही. त्या शिक्षकांना मी तिथेच सगळं सांगितलं. आजूबाजूला माणसं होती. शिक्षकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हे मला सांगून काय होणार? गावात सांगावं लागेल."

मुलीला वाटलं मी भ्रमिष्ट झालो. तरीही गेलो. आलापल्लीपर्यंत बसने, पुढे शिक्षकांच्या मोटरसायकलवर मागे बसून. त्यांनी मला गमछाने स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं होतं. "पडलात तर गावात सांगणार कोण, काका?" म्हणाले.

गावात एका मोठ्या झाडाखाली वीसेक माणसं जमली. चैतूची बायको एका बाजूला बसली होती, खूप म्हातारी, पाय लांब करून. मी कागद लिहून नेला होता. मी मराठीत वाचत होतो आणि शिक्षक माडियात सांगत होते. त्या खोलीत काय चालायचं, चैतू काय बोलला, भाऊ काय म्हणाला, मी काय लिहिलं नाही.

एका वयस्क माणसाने मराठीतच विचारलं, "तवा काऊन नाई आला?"

"भ्यालो."

"कोनाले?"

"माझी बदली गेली असती."

बाकीच्यांसाठी बदली हा शब्द शिक्षकांना माडियात सांगता येईना. त्यांनी बराच विचार केला आणि काहीतरी बोलले. मी विचारलं, काय सांगितलंत? म्हणाले, "तुम्हाला तुमच्या घरी परत जायचं होतं, असं सांगितलं."

तो वयस्क माणूस माझ्याजवळ सरकला. मग मला म्हणाला, "भाऊ पन तेच म्हने. घरी यायचं हाय म्हने." आणि त्याने नाल्याकडे हात केला.

चैतूच्या बायकोने विचारलं, भाऊ जे बोलला आणि तू लिहिलं नाहीस, ते आता लिहिलंयस का?

हो म्हणालो.

वाच म्हणाली.

मी वाचलं. हे पाचही मेलेले आहेत. नवा भात घरी आला की आम्ही पहिल्यांदा घरच्या मेलेल्यांना पान वाढतो. ते खातात आणि मग जातात. त्यांच्यानंतर आम्ही खातो. शिक्षकांनी ते माडियात सांगितलं.

पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचलं. ती ओठ हलवत होती, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं त्याच्या शेजारी ठेवून पाहत असल्यासारखी. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ती बोलली, आणि शिक्षकांनी ते मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, मध्ये थांबत.

"भाऊने पंचांपुढे हेच सांगितलं होतं, म्हणते. याच शब्दांत. तिने त्याच्या अंगावर धूळ फेकली होती. म्हणते, ती पानं तिनेच वाढली होती त्या दिवशी. सासरा, आजेसासरा, दोन दीर." शिक्षकांनी तिला पुन्हा विचारून घेतलं. "पाचवं पान लहान होतं म्हणते. तिच्या पोराचं. तीन वर्षांचा गेला होता तो."

मी त्या मुलालाही 'व्यक्ती' लिहिलं होतं. माझ्या सुंदर अक्षरात.

मग सगळेच बोलू लागले. आवाज चढले. एक तरुण माझ्याकडे बोट दाखवून काही म्हणाला, त्याला दुसऱ्याने खाली बसवलं. शिक्षकही त्यांच्यात मिसळले आणि मला सांगायचं विसरले. माझ्याबद्दल बोलत होते की त्याच्याबद्दल, की वेगळ्याच कशाबद्दल, मला कळायला मार्ग नव्हता. मी कागद गुडघ्यावर धरून त्यांच्या तोंडांकडे पाहत बसलो. माझ्या शेजारी उकिडवा बसून सांगणारं कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो वयस्क माणूस उठला. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण उठले. एकाने घराच्या कुडाला टेकवलेली लोखंडी पहार खांद्यावर घेतली. माझ्याकडे न पाहता ते उतारावरून नाल्याकडे गेले. चैतूची बायको काठी टेकत काठापर्यंत गेली आणि तिथून खाली पाहत उभी राहिली. माझ्या गुडघ्यांना तो उतार झेपणार नव्हता. मी झाडाखालीच राहिलो.

थोड्या वेळाने खालून पहारीचा आवाज यायला लागला, दगडावर लोखंड. थांबायचा, वाद व्हायचा, पुन्हा दुसरीकडून यायचा. एकही दगड त्यांच्या पसंतीला उतरत नसावा. म्हातारी वरून ओरडून नापसंती सांगत होती आणि खालचे तिला उलट उत्तरं देत होते. त्या सगळ्या आरड्याओरड्यातला फक्त एक शब्द मला कळत होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. ते भाऊचं नाव घेत होते.